गायरानावर ५,००० झाडं लावायचा प्रस्ताव आहे (बारामती तालुका). लावावीत का?

मोरगावरस्ता (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सुप्याच्या बाजूच्या एका गावाचं ४० हेक्टर गायरान आहे. चढउताराचा माळ, वर वीत-दीड वीत माती, खाली मुरूम, मग कातळ. पुण्यातली एक कंपनी सामाजिक निधीतून काम करून द्यायला तयार आहे. त्यांचा प्रस्ताव असा:
- सलग समतल चर, ६० सेंमी रुंद आणि ६० सेंमी खोल, दर १० मीटरला एक ओळ
- ५,००० झाडं: गिरिपुष्प, सुबाभूळ, करंज, कडुनिंब, थोडे वड-पिंपळ
- चारही बाजूंनी ५ फुटी जाळीचं कुंपण
- मधे सिमेंटचे दोन पाणवठे
माळावर चिंकारे आहेत, लांडग्यांचा वावर आहे, तरसाची विष्ठा दिसते. जनावरांना सावली-पाणी होईल म्हणून बहुतेक गाव राजी आहे. ग्रामसभेत फक्त मेंढपाळांनी विरोध केला. कंपनीला एप्रिलमध्ये चर खणायचे आहेत, जूनमध्ये रोपं. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

कुसळ
स्पष्टच सांगायचं तर मेंढपाळांचं ऐका.

झाडं तोडली म्हणून हा माळ उजाड झालाय, असं धरूनच प्रस्ताव केलेला दिसतो. बारामती, इंदापूर, दौंड आणि पुरंदरचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. एवढ्या पावसात आणि वीतभर मातीत सलग झाडी टिकत नाही, गवत टिकतं. अधूनमधून एखादं बोर, हिवर, खैर, हिंगणबेट, ओघळीला बाभळी, इतकीच इथली मूळ झाडी. हाच इथला अधिवास. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली अशाच माळावर झालं, जेमतेम ५ चौ. किमीचं, आणि तिथलं मुख्य जनावर चिंकारा.

आता जनावरांचं बघू. चिंकाऱ्याचं संरक्षण म्हणजे लांबवरचं दिसणं आणि पळायला मोकळी जागा. पाणी तो बरंचसं पाल्यातून आणि दवातून घेतो, रोज पाणवठा गाठावा लागत नाही. सावली एखाद्या बोरीचीही पुरते. मादी पाडसाला पहिले काही आठवडे गवतात दडवून ठेवते. झाडाखाली ते गवत उरत नाही, कारण पवन्या, मारवेल, डोंगरी ही सगळी भर उन्हात वाढणारी गवतं आहेत. सावली पडली की ठोंब विरळ होतो आणि त्या जागी तरोटा, रानतुळस, गाजर गवत येतं. यातलं काहीच कोणी खात नाही, ना मेंढी ना चिंकारा.

जमिनीवर अंडी घालणारे पक्षी वेगळेच. माळटिटवी, धाविक, पाखुर्डी, चंडोल उघड्या जमिनीत नुसता खळगा करून अंडी घालतात. टिटवी आणि धाविक यांचा हंगाम उन्हाळ्यातच असतो. तुमचा जेसीबी नेमका एप्रिलमध्ये येतोय. हिवाळ्यात येणारे भोवत्या (शिकारी पक्षी) रात्री उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात आणि दिवसभर नाकतोडे टिपतात. ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांना त्याचा उपयोग होतो, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

गावाला पटेल असं कारण हवं असेल तर हे सांगा: दाट झाडोरा झाला की रानडुकराला दिवसा लपायला जागा मिळते. लांडगा आणि चिंकारा जातील, डुकरं येतील. मका आणि भुईमूग कोण राखणार ते आत्ताच ठरवून ठेवा.

खडकमुरूम
जलसंधारणाच्या कामांची अंदाजपत्रकं करणाऱ्याच्या नजरेतून चराचं गणित मांडतो.

दर १० मीटरला ओळ म्हणजे हेक्टरी १,००० मीटर चर. ४० हेक्टरला ४० किमी. ०.६ × ०.६ छेदाने हेक्टरी ३६० घनमीटर, एकूण १४,४०० घनमीटर मुरूम वर येणार. चर ६० सेंमी आणि त्याच्या खालच्या अंगाला किमान एक मीटर रुंदीचा भराव, म्हणजे १.६ मीटरचा पट्टा. १० मीटरमागे १.६ म्हणजे १६ टक्के, ४० हेक्टरातले ६.४ हेक्टर गवत पहिल्याच दिवशी उपटलं किंवा गाडलं जातं. शिवाय यंत्र वळताना दाबलं जातं ते निराळं.

मुळात इथे माती २०-३० सेंमी. ६० सेंमी खोदलं की अर्ध्याहून जास्त मुरूमच निघतो आणि तो चांगल्या मातीवर पसरतो. हजारो वर्षांत तयार झालेली माती मुरमाखाली जाते. भरावावर पहिल्या पावसात तण येतं, गवत नाही. चर उताराला अचूक समपातळीत नसेल (आणि पातळीयंत्र न लावता नुसत्या नजरेने खणलेला तो नसतोच) तर पाणी एका टोकाला साचतं, तिथून भराव फुटतो आणि नवी ओघळ पडते.

माळावर पाणी अडवायचंच असेल तर जिथे मुळात वाहतं तिथे अडवा. छोट्या ओघळींत अनगड दगडी बांध घाला: उंची जास्तीत जास्त १ मीटर, माथा अर्धा मीटर, वरच्या अंगाला १:१ उतार, खालच्या अंगाला १:२ किंवा १:३, मधला भाग कडांपेक्षा २०-३० सेंमी खाली ठेवायचा म्हणजे पूर मधून जातो, कडा कापत नाही. मोठे दगड बाहेर, लहान आत. पायासाठी ३० सेंमी खोदायचं. वरच्या बांधाचा पाया खालच्या बांधाच्या माथ्याच्या पातळीत येईल इतकं अंतर. दगड त्याच ओघळीतले किंवा शेताच्या बांधावरचे घ्या. माळावरचे सुटे दगड उचलू नका, त्यांच्याखाली सरडे, विंचू, घोणस-फुरशांची घरं असतात. सापाशी गाठ नको म्हणून तरी उचलू नका.

हिरवंस्वप्न
सगळं मान्य केलं तरी झाडं म्हणजे कार्बन, झाडं म्हणजे पाऊस. तापमान वाढतंय आणि तुम्ही झाडं लावू नका सांगताय? गवत तर मार्चमध्ये वाळून जातं.

कुसळ
> गवत तर मार्चमध्ये वाळून जातं

वरचं वाळतं. ठोंब आणि मुळं जिवंत असतात, पहिल्या वळवाला फुटतात. गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर झाडाचा कार्बन धूर होतो, मातीतला बहुतांशी तिथेच राहतो. चर खणून माती उलटी केली की तो साठा हवेत जायला सुरुवात होते. म्हणजे कार्बनच्या नावाखाली आधी कार्बन सोडायचा. आणि ४० हेक्टर झाडीने स्थानिक पाऊस वाढत नाही.

खडकमुरूम
पाण्याचाही हिशेब घ्या. ५,००० रोपांना आठवड्याला फक्त १५ लिटर धरलं तरी ७५,००० लिटर. १०,००० लिटरचे साडेसात टँकर दर आठवड्याला. फेब्रुवारी ते मे १६ आठवडे, म्हणजे एका उन्हाळ्यात १२० टँकर. रोप तीन उन्हाळे जगवायचं तर ३६०. गावात पिण्याचे टँकर सुरू असताना हे कोण देणार? कंपन्या बहुधा पहिल्या वर्षाचं पाणी धरतात. दुसऱ्या उन्हाळ्यात जे जगतं ते गिरिपुष्प आणि सुबाभूळ. म्हणूनच यादीत ती दोन नावं पहिली.

टेकडीकर
गिरिपुष्पाचं काय होतं ते बघायला लांब जायला नको. पुण्यातल्या वेताळ टेकडी, तळजाई फिरून या. बाहेरून आणलेलं झाड, खोडापासून पुन्हा फुटतं, बी उडून पसरतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून गुलाबी फुलं येतात आणि लोक फोटो काढतात. खाली मात्र पानांचा थर आणि थोडं तण. शेतात हिरवळीचं खत म्हणून ते उत्तम, बांधावर लावा. माळावर त्याचा हाच गुण नडतो: नत्र वाढलं की कमी नत्रात वाढणारी माळाची गवतं मागे पडतात आणि तण पुढे जातं.

आधीच थोडं असेल तर काढायची पद्धत: मे महिन्यात, पावसाच्या आधी, जमिनीलगत कापा. नुसतं कापलं की दहा फुटवे येतात. त्यामुळे कापल्यावर बुंध्याभोवती २०-३० सेंमी उकरून मुळाच्या मानेपर्यंतची साल सोलून काढायची किंवा लहान झाड मुळासकट उपटायचं. पुढची दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी फुटवे खुडायचे. सगळं एकदम काढू नका, उतारावर पट्ट्यापट्ट्याने. कापलेल्या फांद्या माळावर टाकायच्या नाहीत, तिथेच रुजतात. जमीन वनखात्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. सात-बारा आधी बघा: गायरान, वन की महसूल, त्यावर सगळं ठरतं.

मोरगावरस्ता
सात-बाऱ्यावर गायरानच आहे. झाडांचं कळलं. पण कुंपणाचं काय? चराईबंदी केली तर गवत तरी येईल ना?

वाघर
कुंपण हा यातला सगळ्यात घातक भाग. ५ फुटी जाळीत चिंकारा अडकतो. कुत्री मागे लागली की चिंकारा पळताना जाळीला धडकतो, तिथे कुत्री धरतात. मोकळ्या माळावर तीच कुत्री त्याला गाठू शकत नाहीत. जाळी आधीच असेल तर दर १०० मीटरला एक पॅनेल काढून टाका आणि खालचा भाग जमिनीपासून ४५ सेंमी उघडा ठेवा, काटेरी तार सगळ्यात खाली नको.

चराईबंदी पूर्ण नको, पाळीने करा. ४० हेक्टरचे १०-१० हेक्टरचे चार भाग पाडा. सीमा दगडावर चुना मारून दाखवायच्या. दर वर्षी एक भाग जून ते ऑक्टोबर अखेर बंद, म्हणजे गवताला बी धरून सांडायला वेळ मिळतो. पुढच्या वर्षी दुसरा भाग. चार वर्षांत सगळा माळ एकदा बी सांडतो. बंद भागात नोव्हेंबरनंतर विळ्याने कापणी, बुडखा १०-१५ सेंमी ठेवून, आणि एक तृतीयांश न कापता सोडायचा.

किती मेंढ्या? माळ आत्ता खालावलेला आहे असं धरून हेक्टरी १ टन वाळकी वैरण घ्या. ४० टन. अर्धं माळाला सोडायचं, अर्धं चारायचं. २० टन. ३० किलोची मेंढी दिवसाला सुमारे १.१ किलो वाळकं खाते, वर्षाला ४०० किलो. म्हणजे बारमाही ५० मेंढ्या किंवा तीन महिने २००. गावात याच्या चौपट मेंढ्या असतील तर त्या शेतांत बसतात, दिवाळीनंतर कोकणाकडे जातात, म्हणूनच आजवर निभावलं. वाटा बंद केल्या की तोच कळप बारा महिने इथे. म्हणून पालखी महामार्गाची कामं, कुंपणं आणि प्लॉटिंगमुळे मेंढरांच्या वाटा तुटल्या की लांडग्याचंही नुकसान होतं. हे दोघं एकमेकांना धरून आहेत.

हिरवंस्वप्न
लांडगे मेंढ्या मारतात त्याचं काय? मेंढपाळांनाच ते नको असतील ना?

वाघर
मारतात. वर्षाला दोनचार कोकरं बहुतेक कळपांतून जातात. पण नुकसान कुठे होतं ते बघा: बहुतेक वेळा रात्री, वाड्याबाहेर राहिलेलं कोकरू, नाहीतर दिवसा मागे रेंगाळलेली लंगडी मेंढी. एकाच रात्रीत दहा-पंधरा मेल्या तर बहुधा जाळी तुटलेली असते, मेंढरं बिथरतात आणि जागेवरच फिरत राहतात.

फिरत्या वाड्याला वाघरच (मेंढपाळांची दोरीची जाळी) चांगली. उंची ५ फूट हवी, ३ फुटी नाही. खुंट्या दर ६ फुटांवर, खालची दोरी जमिनीला दगडांनी दाबायची, कारण लांडगा उडीपेक्षा खालून शिरणं पसंत करतो. कोकरं आत वेगळ्या बंद पेटीत, वाघरीला लागून नको. पहाऱ्याची जागा वाऱ्याच्या खालच्या बाजूला. कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा, आणि कुत्रं बांधून ठेवायचं नाही. लुकलुकणारे दिवे आठ-पंधरा दिवस काम करतात, मग लांडगा सरावतो. जागा आणि रंग बदलत राहिलं तर जास्त टिकतात.

कायमच्या गोठ्याला १२ गेजची २ इंची जाळी, ६ फूट उंच, वर १ फूट बाहेर झुकवलेली, खाली १ फूट जमिनीत किंवा बाहेरच्या बाजूला २ फूट आडवी पसरून वर दगड.

मेलं तर मढं हलवायचं नाही, फोटो काढायचे, ४८ तासांच्या आत जवळच्या वन कार्यालयात कळवायचं. वनखात्याचा निःशुल्क क्रमांक १९२६. पंचनामा होतो, बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासन निर्णयातली कमाल रक्कम, यांतलं जे कमी ते मिळतं. मढं पुरून टाकलं किंवा हॉटेलात विकलं की दावा संपला. रागाने मढ्यावर विष टाकण्याचा प्रकार होतो. त्यात लांडगा, तरस, गावचीच कुत्री सगळी मरतात. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं हा गंभीर गुन्हा.

चतुष्पाद
पशुवैद्यकाच्या बाजूने एक मोठी गोष्ट अजून कोणी मांडली नाही. या माळांवर लांडग्याला आज सगळ्यात मोठा धोका झाड किंवा बंदूक नाही, कुत्रं आहे. आणि कुत्र्यांचे कळप माळावर पोसले जातात ते पोल्ट्रीच्या मेलेल्या कोंबड्यांवर.

५,००० पक्ष्यांच्या एका शेडमध्ये ४-५ टक्के मर धरली तर प्रत्येक बॅचला २०० ते २५० मेलेले पक्षी. पोत्यात भरून रात्री माळाच्या कडेला फेकले जातात. तिथे कुत्री जमतात, लांडगे येतात, तरस येतं. मग तीन गोष्टी होतात.

पहिली, रोग. कुत्र्यांतला डिस्टेंपर आणि पार्व्हो (दोन्ही विषाणूंचे आजार) लांडग्यांच्या पिल्लांत जातो. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांत डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. एक कुत्रं पुरतं, कारण लांडगे एकमेकांना चाटतात आणि एकाच बिळात राहतात. रेबीज त्याहून वाईट: पिसाळलेला लांडगा माणसावर जातो आणि मग अख्खा कळप बदनाम होतो. चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, त्याच दिवशी लस आणि खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन).

दुसरी, संकर. पुण्याजवळच्या माळांवरच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीत सिद्ध झालं. लांडग्यांचे कळप लहान झाले, जोडीदार मिळेना, की हे होतं. फोटोवरून कोणी ठरवू नका. फिक्या रंगाचा प्रत्येक लांडगा संकर नसतो, आणि संकर कधीकधी हुबेहूब लांडग्यासारखा असतो. विष्ठा किंवा मुळासकट केस तपासूनच कळतं.

तिसरी, सवय. आयतं मिळालं की शिकार सुटते आणि जनावर वस्तीजवळ येतं.

उपाय सोपा आहे, फक्त पोल्ट्रीवाल्याने करायला हवा. मेलेल्या पक्ष्यांचं खत: शेडजवळ पत्र्याखाली ५ × ५ × ४ फुटांचे दोन कप्पे, तीन बाजू विटांच्या, पुढे काढता येणाऱ्या फळ्या. तळाला २० सेंमी कोरडं लिटर (शेडमधली भुसा-विष्ठेची गादी) किंवा भुसा. त्यावर पक्ष्यांचा एकच थर, कडेपासून १५-२० सेंमी आत. मग पक्ष्यांच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट लिटर, थोडं पाणी. हातात दाबल्यावर ओलावा जाणवावा, पाणी गळू नये. कप्पा भरला की वर २० सेंमी झाकण. आत ५५ ते ६५ अंश तापमान चढतं. दोन-तीन आठवड्यांनी तापमान उतरलं की उलथून दुसऱ्या कप्प्यात, पुन्हा तेवढाच वेळ. वास आला तर समजा पाणी जास्त झालं किंवा पक्षी कडेला उघडे पडले. तापमान चढत नसेल तर फार कोरडं आहे. फुकट खत मिळतं. पण आजार पसरून मर झाली असेल तर हे करायचं नाही, आधी पशुवैद्यकाला कळवायचं.

कुत्र्यांसाठी नसबंदी आणि लसीकरण एकत्र करा. गावातल्या ७० टक्के कुत्र्यांना रेबीजची लस दर वर्षी लागली तर साखळी तुटते. मेंढपाळांच्या कुत्र्यांना डिस्टेंपर-पार्व्होची एकत्र लस आधी द्या, कारण लांडग्याच्या सगळ्यात जवळ तीच असतात. कंपनीला सांगा, ५,००० रोपांऐवजी आजूबाजूच्या पाच गावांतली कुत्री लसवा. फोटो छान येणार नाहीत, एवढंच.

मोरगावरस्ता
हे कंपनीला पटवणं अवघड आहे पण प्रयत्न करतो. पाणवठ्यांचं? आणि आमच्याकडे शेततळीही बरीच झालीत.

खडकमुरूम
पाणवठ्यावर नको तितकं प्रेम आहे लोकांचं. माळाच्या मधोमध बारमाही पाणी म्हणजे कुत्र्यांना आणि जनावरांच्या कळपांना मुक्काम. त्याभोवतीचं गवत तुडवून संपतं. सिमेंटची उभ्या कडांची टाकी तर मुळीच नको, ससे, सरडे, टिटवीची पिल्लं बुडतात. करायचाच तर एकच, माळाच्या कडेला, बशीच्या आकाराचा: ३ मीटर व्यास, मध्यात ३० सेंमी खोल, कडेपासून मध्यापर्यंत सलग उतार, पृष्ठभाग खरखरीत. मार्च ते मे भरायचा आणि नेमाने भरायचा. आठवडाभर भरून आठवडाभर कोरडा ठेवलेला पाणवठा नसलेल्यापेक्षा वाईट.

शेततळी मात्र खरी अडचण आहे. ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिकवर उतार १:१ ते १:१.५, ओलं झालं की त्यावर कुठल्याही जनावराचा पाय ठरत नाही. लांडगा, तरस, चिंकारा पाण्याला उतरतात आणि पोहून पोहून थकून मरतात. प्रत्येक तळ्याला चारही बाजूंना एकेक शिडी: १ मीटर रुंदीची नायलॉन किंवा काथ्याची जाळी, भोकं ४-५ इंची (मोठी असली तर पाय अडकतो), वरचं टोक काठावर २ फूट गाडलेल्या खांबाला, खालचं टोक तळापर्यंत, त्याला वाळूची पिशवी. टोकदार दगड बांधला तर प्लास्टिक फाटतं आणि मग मालक शिडी काढून टाकतो. जुन्या टायरांची माळही चालते. काथ्या दोन पावसाळ्यांत कुजतो, नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं, म्हणून दर मे महिन्यात ओढून बघायचं. कोपऱ्यातही एक बसवा, कारण जनावर काठाकाठाने पोहत कोपऱ्यात अडकतं.

उघड्या विहिरींना ३ फुटी कठडा. नुसतं काटेरी झुडूप टाकून भागत नाही.

टेकडीकर
रविवारी पुण्याहून गाड्या भरून येणाऱ्या कॅमेरेवाल्यांचाही बंदोबस्त करा. लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात, ओघळीच्या काठावरच्या बिळात असतात. बिळाजवळ दोनतीनदा गाडी आली की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत पिल्लं कुत्र्यांच्या तोंडी लागतात. ग्रामसभेच्या ठरावात घाला: गाडी फक्त ठरलेल्या वाटेवर, नोव्हेंबर ते मार्च ओघळींकडे प्रवेश बंद, ड्रोन बंद, रात्री प्रकाशझोत बंद, कोंबडी टाकून बोलावणं बंद. बिळाचं ठिकाण समाजमाध्यमावर टाकायचं नाही, फोटोतली जागेची नोंदही काढायची.

ज्यांना बघायचंच आहे त्यांना वनविभागाच्या गवताळ प्रदेश सफारीला पाठवा. २०२४ पासून इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला सुरू आहे, स्थानिक मार्गदर्शक सोबत असतो आणि पैसे गावात राहतात.

मोरगावरस्ता
मग कंपनीला असा बदललेला प्रस्ताव देऊ का: चर रद्द, कुंपण रद्द. ओघळींत दगडी बांध. पाळीची चराई. गवताचं बी पेरणी ४० हेक्टरवर. शेततळ्यांना शिड्या. पोल्ट्री खताचे कप्पे. लसीकरण. झाडं फक्त गावठाणात, शाळेत आणि रस्त्याकडेला, ३०० च्या आसपास.

कुसळ
जवळपास बरोबर. एकच दुरुस्ती: ४० हेक्टरवर पेरणी नको. जिथे ठोंब जिवंत आहेत तिथे नुसतं राखलं तरी दोन पावसाळ्यांत गवत भरतं. पेरणी फक्त उघड्या पडलेल्या जागी, ती बहुधा ५-६ हेक्टरपेक्षा जास्त नसेल. ऑक्टोबरमध्ये माळभर १ मीटर × १ मीटरचे चौकोन टाकून मोजा: निम्म्याहून जास्त जमीन उघडी दिसली तरच पेरा. एका हेक्टरला दहा चौकोन पुरतात. काय वाढतंय तेही लिहा. नुसती आखूड, लाल काडीची कुसळं असतील तर चराई फार झाली आहे. पवन्या, डोंगरी, मारवेल दिसली तर माळ सावरतोय.

बी जवळच्याच माळावरचं घ्या, नोव्हेंबरमध्ये हाताने ओरबाडून. पवन्या किंवा डोंगरी हेक्टरी ४-५ किलो, मारवेल ३-४ किलो. ताजं बी नीट उगवत नाही, सुप्तावस्था असते. कोरड्या गोणपाटात सात-आठ महिने ठेवून पुढच्या पावसाळ्यात पेरलं की उगवण सुधारते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर बुरशी. बी लवदार असल्याने हाताला चिकटतं आणि वाऱ्याने उडतं, म्हणून गोळ्या करा: १ भाग बी, ३ भाग चाळलेली चिकण माती, १ भाग कुजलेलं शेणखत, १ भाग वाळू, पाणी बेताचं. हरभऱ्याएवढ्या गोळ्या, सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवल्या तर तडकतात.

पहिला चांगला पाऊस झाला की ५० सेंमी अंतरावर ओळींत, १ सेंमीपेक्षा खोल नाही. नांगर घालायचा नाही, दाताळ्याने जमीन ओरखडली तरी पुरे. मुंग्या बी उचलतात, म्हणून पावसाच्या आधी पेरू नका. पहिल्या वर्षी त्या तुकड्यावर मेंढी सोडायची नाही.

मोरगावरस्ता
सुधारित वाण मिळतात ना? राहुरी कृषी विद्यापीठाचं मारवेल वगैरे? तेच माळावर टाकलं तर?

कुसळ
मारवेल-८ सारखे वाण आणि उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेकडची बहुवर्षायू वैरण शेताच्या बांधावर लावा, ठोंब किंवा कांड्यांपासून, ४५-६० सेंमी अंतरावर, थोडं पाणी देता येईल तिथे. तेवढाच माळावरचा भार हलका होतो. माळावर मात्र माळाचंच बी. एकाच वाणाचं हिरवंगार कुरण झालं तर गाई खूश होतील, पण चंडोल, नाकतोडे आणि भोवत्या यांना उंच-बुटकं, विरळ-दाट असं मिश्र गवत लागतं.

वाघर
वणव्याचं राहिलं. राखलेला माळ जानेवारीनंतर पेटतो, आणि पेटवला जातो, राखेवर गवत जोमात येतं या समजुतीने. येतं कोवळं, पण नाकतोड्यांची अंडी आणि पडलेलं बी त्यात जातं आणि कुसळं तेवढी वाढतात. डिसेंबर संपायच्या आत चार भागांच्या सीमेवर आणि रस्त्याच्या बाजूने ६ मीटर रुंद जाळरेषा काढा. जाळून नको, गवत कापून आणि जमीन खरवडून. कापलेलं गवत तिथेच सोडलं तर रेषेचा उपयोग नाही, पेंढ्या बांधून मेंढपाळांना द्या. ४० हेक्टरला सुमारे चार-साडेचार किमी रेषा होईल. हे काम रोजगार हमीत बसतं का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारा.

चतुष्पाद
आणि ठराव करताना गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सोबत घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, बहुतेक ठिकाणी कागदावर असते. लोकजैवविविधता नोंदवहीत चिंकारा, लांडगा, तरस, माळटिटवी यांच्या नोंदी तारखेसह केल्या की पुढचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला दाखवायला कागद राहतो. ग्रामसभा कधी आहे?

मोरगावरस्ता
१ मेला. नोंदवही मागितली आहे. त्या आधी चौकोन टाकून मोजणी करायची तर आत्ता गवत वाळलेलं आहे, चालेल का?

कुसळ
ठोंब मोजायला चालेल, जात ओळखायला नाही. आत्ता उघड्या जमिनीची टक्केवारी काढा, तीच ग्रामसभेत मांडा. जातींची यादी ऑक्टोबरमध्ये. आणि मोजताना टिटवी डोक्यावर ओरडायला लागली तर जिथून आलात तिथूनच मागे फिरा, पुढे पाऊल टाकू नका. अंडी दिसत नाहीत, पायाखाली येतात.